सदाशिव पेठेतलं पलायन

सातारा ते स्वारगेट प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. खंबाटकीत अडकलो, कात्रजला अडकलो, पोचलो. स्वारगेटला रिक्षावाल्याला ‘भरत नाट्य मंदिर’ म्हटलं तर मान न वळवता म्हणाला, "एवढ्यासाठी कोण येतंय? चालत जा." गणपतीच्या मांडवांचे बांबू चुकवत, पावसाच्या चिकचिकाटातून गेले चालत. चप्पल दोनदा रुतली.

निमित्त होतं भाचीच्या कॉलेजच्या एकांकिकेचं. पुरुषोत्तम करंडक, प्राथमिक फेरी. १९६३ पासून चालू असलेली ही स्पर्धा मी नुसती ऐकून होते. पडदा उघडायच्या आधी पोरं ‘आवाज कुणाचा’ करत छप्पर डोक्यावर घेतात, तेव्हा पन्नाशीतल्या बाईने कान झाकावेत की ओरडावं, कळत नाही. मी ओरडले.

भाचीच्या आधी दुसऱ्या एका कॉलेजची एकांकिका होती. कुठल्याशा हुकूमशाही देशातली नाचाची मंडळी परदेशी दौऱ्यावर आलीत, उद्या परत जायचंय आणि चौघांना पळायचंय. खोलीबाहेर सरकारी पहारेकरी. म्हणून कट शिजतो तो तालमीच्या मोजणीत. "पाच, सहा, मागचं दार, सात, आठ." पहारेकरी डोकावला की नुसतं "पाच, सहा, सात, आठ." पहिल्यांदा सगळे हसले. तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही.

माझं लक्ष मात्र कोपऱ्यातल्या कपडेवालीकडे. ती कोटाच्या अस्तरात नोटा शिवत बसलेली. दातांनी दोरा तोडायची, गाठ मारायची, पुन्हा सुई ओवायची. तिला जायचं नव्हतं. आई आणि मुलगा तिकडेच होते. चौघं मागच्या दाराने निसटल्यावर तिने नाचाचे दोन बूट हातात घेतले आणि जमिनीवर आपटत एकटीच मोजायला लागली. बाहेरच्याला वाटावं, तालीम चालू आहे. बराच वेळ आपटत होती. दम लागला तरी आकडा चुकला नाही.

नेमके तेव्हाच मागचे काका शेजाऱ्याला म्हणाले, "नुरेयेव उचललाय." अहो, असेल. १६ जून १९६१ ला सोव्हिएत बॅले नर्तक रुडॉल्फ नुरेयेव पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळावर फ्रेंच पोलिसांकडे गेला आणि मला इथेच राहायचंय म्हणाला, हे मलाही ठाऊक आहे. किरोव बॅलेची बाकी मंडळी लंडनला निघाली होती, त्याला एकट्याला मॉस्कोला धाडत होते. तिकडचाच दुसरा नर्तक बारिश्निकोव्ह १९७४ मध्ये टोरांटोत प्रयोग संपल्यावर धावत जाऊन गाडीत बसला, तेही वाचलंय. पळणाऱ्यांच्या गोष्टी सगळे सांगतात. नुरेयेवला आईला भेटायला मायदेशी जाऊ दिलं ते थेट १९८७ मध्ये, ती अंथरुणाला खिळल्यावर. सव्वीस वर्षं त्या बाईने कशी काढली, यावर करा की एकांकिका! काकांना हे सांगायला मागे वळले तर ते मोबाइलवर गाडीची वेळ बघत होते.

नंतर भाचीची एकांकिका झाली. प्रकाशयोजना तिची होती. चांगली असावी.

बाहेर अमृततुल्यात ती म्हणाली, "मावशी, त्या कपडेवालीचं काही पटलं नाही. जमत होतं तर तिनेही पळायचं ना!" मी तिला ल्युदमिला व्लासोवा या सोव्हिएत नर्तकीचं सांगितलं. १९७९ मध्ये तिचा नर्तक नवरा, गोदुनोव, दौऱ्यावरून न परतता न्यूयॉर्कमध्येच राहिला; हिला परत नेणारं विमान अमेरिकेने तीन दिवस अडवून ठेवलं. शेवटी अधिकाऱ्यांनी समोरासमोर विचारलं, परत जायचं म्हणाली, विमान सुटलं.

"म्हणजे तिला जायचंच होतं."

"असेल."

"मग प्रॉब्लेम काय?"

काय सांगणार? आमचं तिथेच वाजलं. क्रीमरोल अर्धा टाकून ती मैत्रिणींकडे गेली. मग परत येऊन म्हणाली, त्या कपडेवालीला मुळात दोनच वाक्यं होती म्हणे. रिकामी बसलेली बरी दिसेना, म्हणून दिग्दर्शकाने हातात सुई दिली आणि बुटांचं तिने स्वतःच तालमीत काढलं.

"आणि आमचे लाइट्स कसे वाटले?"

"छान," म्हटलं. तीन तासांनी साताऱ्याच्या बसमध्ये उभ्याने येताना तिचा मेसेज आला: छान म्हणजे नक्की काय? अजून उत्तर दिलेलं नाही.