वेळच वेळ

सोमवार, रात्री

शनिवारी स्टाफरूममध्ये कुणीतरी बोलून गेलं ते वाक्य अजून मनातून जात नाही. आठवीच्या एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेचा जादा तास कुणी घ्यायचा, असा विषय होता. सगळे एकदम वह्या तपासायला लागले. मग खिडकीकडून आवाज आला, "मॅडमना द्या ना. त्यांना काय, वेळच वेळ आहे." पुढे आणखी चार शब्द होते. ते इथे लिहीत नाही.

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. हे अगदी साध्या आवाजात आलं, पाचच्या धुळे गाडीला गर्दी असते असं सांगावं तसं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. कागदावर माझं नाव लागलं, चहा आला, विषय संपला. माझा संपला नाही. भाजी निवडताना तेच, पडल्या पडल्या तेच.

कुठला वेळ? शाळेतून घरी पोचते तोवर रक्तासाठी फोन सुरू झालेले असतात. पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट वाढतात, कुणाला धुळ्याला हलवलेलं असतं, कुणाला जळगावला. प्लेटलेट पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत, त्यामुळे मागच्या महिन्यात मोठं शिबिर झालं म्हणून आज भागत नाही. आजच्याला आजचाच माणूस लागतो. मग वही काढायची. लांब, बाइंडिंगची, एकेका रक्तगटाला वेगळी पानं. नाव, दहावीची बॅच, मोबाईल, शेवटचं रक्तदान कधी. पुरुषाला तीन महिने झाल्याशिवाय सांगायचं नाही, बाईला चार. ते पाहायचं, मग तो सध्या गावात आहे की कामाला बाहेर गेलाय ते आठवायचं, मग फोन लावायचा. बहुतेक सगळी माझीच पोरं. बीजगणितात कसाबसा निघालेला एकजण आता छोटा हत्ती टेम्पो चालवतो. रात्री साडेअकराला पहिल्या रिंगला उचलतो. "मॅडम, तुमना फोन उना, लगेच निंघनू." त्याला मी कधी पुरेसे आभार मानलेत असं वाटत नाही.

मुलींची नावं भराभर खोडावी लागतात. लग्न होऊन सुरतेला जातात, नंदुरबारला जातात, नंबर बदलतात. काहींची नावं तर वहीत चढतच नाहीत. हौसेने शिबिराला येतात, बोटाला टोचलं की हिमोग्लोबिन दहा, साडेदहा. साडेबारा लागतं. परत पाठवतात. अंगावर नवा ड्रेस, मान खाली, मंडपातून बाहेर. मला ते बघवत नाही.

म्हणून लोहाच्या निळ्या गोळ्या वाटायच्या असल्या की मी वर्गातून हलत नाही. गोळी जिभेखाली धरून ठेवायची आणि नंतर नळाजवळ थुंकायची, ही युक्ती मला ठाऊक आहे. आज एकीला "आ कर" म्हटलं. जीभ निळी, गोळी तशीच. मळमळतं म्हणाली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, मळमळणारच. खिचडी झाल्यावर घे म्हटलं आणि तिचं ताट संपेपर्यंत शेजारी बसून राहिले. मग गोळी, वर तांब्याभर पाणी. माझी मधली सुटी त्यात गेली. हाच तो वेळ. तो मला कुणी जास्तीचा मोजून दिलेला नाही. सगळ्यांना मिळतो तेवढाच मिळतो, मी तो असा घालवते.

गावात शिक्षकाचा सत्कार म्हटला की साने गुरुजींचं नाव निघतंच, अमळनेरात निघणारच. माझ्या गळ्यात हार घालूनही ते घेतलं गेलंय, आणि दर वेळी मी संकोचून गेलेय. शनिवारपासून मात्र वेगळाच विचार येतोय. गुरुजी प्रताप हायस्कूलात होते 1924 ते 1930. सहाच वर्षं. त्या सहा वर्षांत त्यांनी वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणं आवरली, कपडे धुतले, त्यांच्यासाठी स्वतःच्या हाताने लिहून दैनिक काढलं. दैनिक! पाठनियोजन लिहितानाच आमचा हात भरून येतो. मग नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. त्यांचंही घरदार असं नव्हतंच. त्यांना कुणी म्हटलं असेल का, यांना काय, वेळच वेळ आहे? आणि त्यांनी ते मनाला लावून घेतलं असेल का? इतक्या हळव्या माणसाने घेतलंच असेल, असं मला आज वाटतंय. आणि तसं वाटल्यावर जरा बरं वाटलं.

पण एकाच गावात, एकाच शाळेत नोकरीभर राहणाऱ्यांचं काय? अशी माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. निवडणूक आली की मतदार याद्यांसाठी बीएलओ, जनगणना आली की प्रगणक. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानेच निवडणूक, जनगणना आणि आपत्ती एवढ्यांसाठी शिक्षकाला कामाला लावायची मुभा ठेवली आहे. ती कामं निदान कागदावर असतात, त्यांचा आदेश निघतो. माझ्या वहीचा आदेश कुणी काढलेला नाही, तसा तो नकोही होता. फक्त ती रिकाम्या वेळात भरली गेली, असं कुणी समजू नये.

काल कानबाई होती, आमच्याकडचा श्रावणातला देवीचा सण. त्यामुळे वाचनालयातला मुलांचा तास ठेवला नाही. या रविवारी खानदेशात मूल घराबाहेर मिळत नसतं. पुण्याची, सुरतेची, सगळी माणसं घरी आलेली. रोटाचे, म्हणजे देवीच्या प्रसादाचे, गहू घरातल्या पुरुषमाणसांच्या नावाने मुठी मोजून घेतात. आमच्याकडे आता मांडत नाही. शेजारच्या काकूंनी हाताला धरून नेलं, गाणी म्हटली, मजा आली. रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत, म्हणून काकूंनी मला पुरणपोळी वेगळ्या ताटात वाढली, वर दोनदा तूप घातलं. चांगली होती पोळी.

जाऊ दे.

शनिवारी खिडकीकडून बोलली ती आज शाळेत उशिरा आली, धापा टाकत. कानबाईच्या विसर्जनाच्या गर्दीत रिक्षा अडकली म्हणे. धाकट्याला ताप, सासूबाईंचं पथ्य, पाच दहाची गाडी चुकली तर घरी पोचायला अंधार. उभ्या उभ्या डबा खाल्ला तिने, एक पोळी तशीच परत बंद केली. तिच्याकडे बघताना शनिवारचा राग आत शोधला, फारसा सापडला नाही. शनिवारी ती माझं आयुष्य मोजत नव्हती, स्वतःचा अर्धा तास वाचवत होती. मीही तिच्या जागी असते तर खिडकीकडून असंच काहीतरी बोलले असते, किंवा नसते. "घ्याल का?" एवढं विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. मागितलं असतं तर दिलंच असतं, उरलेलं आहे असं धरून उचललं म्हणून लागलं. तास तर मला हवाच होता.

आठवीत ही परीक्षा निघाली आणि यादीत नाव लागलं की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये थेट खात्यात येतात. दोन पेपर, नव्वद नव्वद गुणांचे. आजची ती निळ्या जिभेची पोरगी बौद्धिक क्षमतेच्या पेपरातल्या अंकमालिका कागद न घेता सोडवते. बोटं हवेत हलतात, ओठ हलतात, उत्तर बरोबर. आई शेतमजूर. चार वर्षांचे 48,000 म्हणजे बारावीपर्यंत तिला शाळेतून काढायचा विषय घरात निघणार नाही. निघाला तर मी आहेच.

उद्या मुख्याध्यापकांना सांगणार आहे. तास घेते, पण सकाळी, शाळा भरायच्या आधी. रविवार वाचनालयाचा आहे, तो मिळणार नाही. आणि पुढच्या वर्षापासून हा तास आळीपाळीने असावा, हेही सगळ्यांसमोरच बोलणार. आवाज चढवायचा नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या पोरीच्या आईला घेऊन सेतू केंद्रात जायचं, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. रेशनकार्ड, आधार, फोटो सांगून ठेवलेत. तलाठ्यांचा अहवाल लागेल, त्यांना आत्ताच मेसेज टाकते. ए पॉझिटिव्ह, शेवटचं मार्चमध्ये. तेही विचारून घेते.