लेकीसाठी शहर निवडताना

लेकीला न्यूयॉर्क, शिकागो आणि ह्यूस्टन अशा तिन्ही शहरांतून नोकरीसाठी विचारणा झाल्यापासून गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी रोज रात्री जेवणानंतर हाच विषय निघतो. टेक्सास राज्य व्यक्तीच्या उत्पन्नावर कर घेत नाही आणि घरभाडेही तुलनेने कमी आहे, म्हणून तिच्या बाबांचा कल ह्यूस्टनकडे आहे. परंतु तिथे स्वतःच्या गाडीवाचून पान हलत नाही, आणि २०१७ च्या हार्वे वादळात ते शहर जसे बुडाले, ते आठवले की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून गोदेच्या पुराचा अंदाज घेणाऱ्या आम्हा नाशिककरांच्या पोटात गोळा येतो.

न्यूयॉर्कची १९०४ मध्ये सुरू झालेली भुयारी रेल्वे रात्रभर धावते, ही माझ्यासारख्या आईच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. मात्र तिथे राज्याखेरीज शहरही उत्पन्नावर कर लावते आणि भाड्यात पगाराचा मोठा हिस्सा जातो.

माझे मन शिकागोवर बसले आहे. तिथला हिवाळा कठोर असतो, हे खरे. पण भाडे न्यूयॉर्कपेक्षा कमी, लोकल गाड्यांची सोय, आणि मिशिगन सरोवराचा बहुतेक काठ सर्वांना फिरायला मोकळा. नदीकाठी वाढलेल्या मुलीला पाणी जवळ हवेच.