येफिमियाच्या जरतारी ओळी

येफिमिया या मध्ययुगीन सर्बियन संन्यासिनीचं भरतकाम पाहायला निघाला असाल, तर आधी बेलग्रेड, मग ती राहिली तो मठ. आम्ही हाच क्रम धरला होता. साबोर्ना चर्चसमोरच्या पॅट्रिआर्केटच्या (चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूच्या) इमारतीत सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चचं संग्रहालय आहे. तिथे तिची ‘लाझारची स्तुती’ ठेवली आहे: लाल रेशमावर, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या तारेने भरलेल्या 26 ओळी, साल 1402. कोसोव्होच्या रणात 1389 साली पडलेल्या, सर्बियाचा शासक लाझार याच्या अवशेषांवर घालायचं हे वस्त्र.

अक्षरं दाटीवाटीची आहेत. आजची सिरिलिक येणाराही इथे अडखळतो, म्हणून भाषांतर हाती ठेवूनच उभं राहावं. धातूची तार रेशमातून आरपार ओढली तर सोलवटते, कापडही फाटतं. म्हणून बायझंटाईन परंपरेत ती वरच्या अंगाने अंथरून बारीक रेशमी दोऱ्याने टाचतात, आपल्या जरदोजीसारखीच. अक्षराच्या वळणावर टाके जवळजवळ घ्यावे लागतात. विरळ पडले की तार उचलली जाते. असे 26 ओळींचे टाके! आणि मजकूरही तिचाच. लाझारच्या मुलांसाठी, स्तेफान आणि वुकसाठी, ती मदत मागते; शेवटी स्वतःच्या मनातलं वादळ शमवायला सांगते.

संन्यासाआधीची ती येलेना. नवरा, देस्पोत (ही उच्च सरदारी पदवी) उग्लेशा, 1371 साली मारित्साच्या लढाईत मारला गेला. लहानगा मुलगा त्याआधीच गेला होता. एका छोट्या दुहेरी प्रतिमेच्या मागच्या बाजूला तिचा त्याच्यासाठीचा विलाप कोरलेला आहे. ती प्रतिमा ग्रीसमधल्या आथोस पर्वतावरच्या हिलांदार मठात आहे. त्या पर्वतावर स्त्रियांना प्रवेश नाही, तेव्हा तिथला पडदाही (हिलांदारसाठीच तिने भरलेला, 1399चा) बायकांना छायाचित्रांतच पाहावा लागतो. हे आम्हाला फार बोचतं.

लाझारची विधवा मिलित्सा हिच्याबरोबर ती ल्युबोस्तिन्या मठात राहिली. त्यासाठी सर्बियातलं त्र्स्तेनिक हे गाव गाठा. मठ तिथून जेमतेम 4-5 किलोमीटर. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला, बायकांनी ओढणी जवळ ठेवावी. दोघींना इथेच पुरलं आहे. बाहेरून खिडक्यांभोवतीचं दगडी कोरीवकाम सावकाश पाहा. आत मुख्य दालनात शिरताना मात्र नजर खाली असू द्या: उंबरठ्यावर गवंड्याने आपलं नाव कोरलं आहे, बोरोविच राडे.