पन्हाळ्याला अखेर नावे ओळखू येऊ लागली

मागच्या नोंदीत ‘पन्हाळा’ हा माझा जुना संगणक घरच्या जाळ्यातील इतर यंत्रांना नावाने ओळखता न आल्यामुळे ज्या ठिकाणी अडून बसला होता, तेथून तो आता सुटला आहे. सन कंपनीच्या सनओएस ४.१.४ या जुन्या युनिक्सवर चालणाऱ्या या स्पार्कस्टेशन ५ वरून ‘भुदरगड.होम.अर्पा’ या शेजारच्या यंत्राला पिंग केले, म्हणजे ते जागे आहे का असे विचारले, तेव्हा ‘अननोन होस्ट’ऐवजी ‘इज अलाइव्ह’ हे सनच्या जुन्या पिंगचे ठरलेले उत्तर पडद्यावर उमटले. या उत्तरासाठी ज्यांनी रात्री जागवल्या आहेत, त्यांना त्याची गोडी वेगळी सांगायला नको.

मांडणी पूर्वीचीच आहे. ‘रांगणा’ या यंत्रावर सनचीच पुढची प्रणाली सोलॅरिस २.६, ‘भुदरगड’ या सिलिकॉन ग्राफिक्सच्या इंडीवर आयरिक्स ६.५, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस सेवा देणारा डीएनएसमास्क आणि हे सगळे एकाच १० मेगाबिटच्या हबवर. तो हब भंगारात देऊन स्विच घ्या, असे सुचवणाऱ्यांना एवढेच सांगतो की, स्विचवर शेजारच्या यंत्राची पॅकेट दिसत नाहीत आणि या तपासाचा मोठा भाग रांगण्यावर स्नूप हे तारेवरची पॅकेट दाखवणारे साधन चालवून पन्हाळ्याची पॅकेट न्याहाळण्यातच गेला.

लक्षण सर्वांच्या परिचयाचे आहे. नाव तपासून पाहणारा एनएसलुकअप अचूक पत्ता देतो, पण पिंग, टेलनेट आणि एफटीपी त्याच नावाला अनोळखी म्हणतात. स्नूपमध्ये याचे चित्र फार स्वच्छ दिसले. एनएसलुकअप चालवताच पन्हाळ्याकडून पायच्या ५३ क्रमांकाच्या, म्हणजे डीएनएसच्या, पोर्टकडे प्रश्न जातो आणि लगेच उत्तर येते. पिंग चालवल्यावर मात्र तारेवर एकही पॅकेट उतरत नाही. म्हणजे चुकीचे उत्तर मिळत नव्हते, तर प्रश्नच विचारला जात नव्हता. एनएसलुकअप स्वतः डीएनएसशी बोलतो, तर इतर प्रोग्राम गेटहोस्टबायनेम या फंक्शनवर विसंबून असतात आणि सनओएस ४ च्या मूळ लिबसी या सामायिक लायब्ररीतील ते फंक्शन एनआयएस ही सनची सामायिक याद्यांची सेवा चालू असेल तर तिला, नसेल तर यंत्रावरील नावांच्या होस्ट्स फाइलला विचारते. या आवृत्तीत नावे कोठे शोधायची हे ठरवणारी एनएसस्विच डॉट कॉन्फ ही फाइलच नाही, त्यामुळे डीएनएस सर्व्हरचा पत्ता देणारी रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ कितीही नेटकी लिहिली, तरी पिंगला तिचा पत्ता नसतो. नावांच्या तक्रारीत एनएसलुकअपच्या उत्तराला पुरावा मानू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

यावर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे लिबसी नव्याने बांधून तिच्यात डीएनएसचा रिझॉल्व्हर घालणे आणि दुसरा म्हणजे एनआयएसकडूनच डीएनएसला विचारायला लावणे. पहिल्यात जोखीम अधिक, म्हणून दुसरा धरला. ‘करवीर’ या एनआयएस डोमेनचा मुख्य सर्व्हर म्हणून पन्हाळ्यावर वायपीइनिट पूर्वीच चालवले होते (वायपी हे एनआयएसचेच जुने नाव). आता वायपीच्या मेकफाइलमधील, म्हणजे बांधणीच्या सूचनांच्या फाइलमधील, ‘बी’ या चलापुढे ‘-बी’ लिहिले. त्यामुळे मेकडीबीएम हा प्रोग्राम होस्ट्सच्या नकाशात, म्हणजे एनआयएसच्या नावांच्या यादीत, एक विशेष नोंद घालतो आणि ती दिसली की, जे नाव नकाशात नाही त्याबद्दल वायपीसर्व्ह हा एनआयएसचा सर्व्हर डीएनएसला विचारतो. त्यानंतर होस्ट्स फाइलला टच करून तिची तारीख ताजी केली, नकाशा नव्याने बांधणारे मेक चालवले आणि पुन्हा पिंग केले. उत्तर तेच, ‘अननोन होस्ट’.

येथून खरी डोकेदुखी सुरू झाली. वायपीव्हिच बरोबर सर्व्हर दाखवत होता, वायपीमॅच होस्ट्स फाइलमधील नावे देत होता, मेक कोणतीही तक्रार न करता संपत होते. वायपीसर्व्ह बंद करून चालू केला, रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये मोकळ्या जागा शिरल्या आहेत का ते पाहिले, पायवरील डीएनएसमास्कची नोंदवही उघडून पाहिली. तिच्यात पन्हाळ्याचे नाव फक्त एनएसलुकअपच्या वेळीच येत होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार चालला होता.

उकल झाली ती मेकडीबीएमच्या ‘-यू’ या पर्यायाने. त्याने नकाशाचा मजकूर उघडा करून पाहता येतो. होस्ट्स डॉट बायनेम उघडला, तर वायपी_मास्टर_नेम होते, वायपी_लास्ट_मॉडिफाइड होते. पण जिच्यासाठी हा खटाटोप चालला होता, ती वायपी_इंटरडोमेन ही नोंद मात्र नव्हती. लास्ट_मॉडिफाइडपुढचे सेकंद पायवर तारखेत बदलून पाहिले, तेव्हा ती पहिल्या वायपीइनिटची वेळ निघाली. म्हणजे नकाशा त्यानंतर कधीच नव्याने बांधला गेला नव्हता आणि मेक संपताना ‘अपडेटेड होस्ट्स’ ही ओळ का उमटत नव्हती, तेही उलगडले. एलएस चालवून होस्ट्स आणि शेवटच्या बांधणीची वेळ जपणारी होस्ट्स डॉट टाइम या दोन फाइली शेजारी पाहिल्या, तर नुकतीच टच केलेली होस्ट्स फाइल तारखेने जुनी दिसत होती. वळवाच्या पावसात वीज गेली, तेव्हा पन्हाळ्याची वेळ आणि इथरनेट पत्ता जपणाऱ्या टाइमकीपर चिपमधील मरणासन्न बॅटरीने घड्याळ मागे नेऊन ठेवले होते. मेक फक्त तारखा पाहते. तिच्या हिशेबाने नकाशा ताजाच होता. होस्ट्स डॉट टाइम पुसून मेक चालवले, ‘अपडेटेड होस्ट्स’ उमटले आणि पुढच्याच पिंगला स्नूपमध्ये ५३ क्रमांकाच्या पोर्टकडे जाणारे पॅकेट दिसले.

या चिपचे रडगाणे येथे सर्वांनी गायिले आहे. वीज गेली की यंत्र सुरू होतानाच्या ओके प्रॉम्प्टवर एमकेपी ही आज्ञा लिहून ८:०:२० ने सुरू होणारा इथरनेट पत्ता पुन्हा भरावा लागतो, हे अंगवळणी पडले आहे. तारखेचा काटा नावांच्या शोधात येऊन रुतेल, असे मात्र वाटले नव्हते. ऑनलाइन ‘नवी’ म्हणून मिळणारी ही एम४८टी०८ चिप बहुधा जुन्या साठ्यातलीच असते, त्यामुळे तिच्यावर पैसे घालण्याऐवजी उद्यमनगरात ओळखीच्या कारागिराकडून चिपचे डोके घासून घेणार आहे आणि बाहेरून सीआर २०३२ या बटण-बॅटरीचा होल्डर जोडणार आहे. तोपर्यंत यंत्र सुरू होताना चालणाऱ्या आरसी डॉट लोकलमध्ये रांगण्याकडून वेळ घेणारी आरडेटची ओळ घातली आहे. ती एनआयएसशी जोडणी करणारा वायपीबाइंड सुरू होण्याआधी यावी लागते आणि रांगण्याचे नाव होस्ट्स फाइलमध्येच असावे लागते, नाहीतर वेळ विचारण्यासाठीही नाव अडते.

बाकीच्यांचे थोडक्यात. रांगण्यावर एनएसस्विच डॉट कॉन्फमध्ये ‘फाइल्स डीएनएस’ एवढे पुरले. मात्र चाचण्या घेताना उत्तरे साठवून ठेवणारा एनएससीडी थांबवावा, तो न सापडलेले नावही काही काळ लक्षात ठेवतो. भुदरगडावर तीच खोड एनएसडीला आहे. पायच्या होस्ट्स फाइलमधील डेबियनची १२७.०.१.१ ही, म्हणजे यंत्राचा स्वतःपुरता पत्ता देणारी, ओळ डीएनएसमास्क साऱ्या घराला वाटत सुटतो, म्हणून ती फाइल वाचू नको असे त्याला सांगून नावांची वेगळी फाइल दिली. त्यातूनच उलट शोधाच्या, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या, नोंदीही आपोआप मिळाल्या आणि टेलनेटला लॉगिनपूर्वी लागणारी ती कंटाळवाणी थांबणी संपली. एवढ्याशा जाळ्यासाठी बाइंड हा मोठा डीएनएस सर्व्हर चालवण्याचे कारण मला दिसत नाही.

पुढे वायपीच्या मांडणीवरच थांबायचे ठरवले होते. पण हे लिहितानाच विचार बदलला. पन्हाळ्याची डिस्क आता ब्लूस्कझी या डिस्कची जागा घेणाऱ्या कार्डावरील एक इमेज फाइल आहे, तिची प्रत पायवर ठेवली की लिबसी बिघडण्याची भीती उरतेच कुठे? एमव्ही आणि टार या आज्ञा स्टॅटिक, म्हणजे सामायिक लिबसीवाचून चालणाऱ्या, असल्यामुळे जुनी लिबसी जागेवर आणणेही जमते, आणि सनने सोलॅरिस २ मध्ये काढून घेतलेला सीसी हा सी कंपायलर येथे सोबतच मिळतो. एसएचलिब डॉट ईटीसीमधील लिबसी बांधण्याच्या सूचना वाचल्या. फाइली एकत्र साठवणारा एआर लांब नावे छाटतो, त्यामुळे शेवटचा ‘ओ’ गळालेल्या काही फाइलींची नावे आधी दुरुस्त करावी लागतील, एवढीच किचकट पायरी दिसते. ते जमले, तर एका यंत्रासाठी एनआयएसचा सारा संसार पोसण्याची गरज राहणार नाही. ४.१.४ साठीच्या रिझॉल्व्ह प्लस या सुधारित रिझॉल्व्हरचा सोर्स कोणी जपून ठेवला असेल, तर कृपया कळवावे. अन्यथा सनओएससोबतच्या लिबरिझॉल्व्हवरच काम भागवीन.