प्राजक्ताच्या देठांचा रंग : चौथी खेप

भाद्रपद लागल्यापासून रोज पहाटे अंगणातला सडा वेचतेय. पाकळ्या वेगळ्या, केशरी देठ वेगळे. तीन आठवड्यांत वाळलेले देठ भरले जेमतेम 5 ग्रॅम.

पहिली खेप उन्हात वाळवली आणि घालवली. दोन दिवसांत देठ फिक्कट पडले. या देठांत क्रोसिन असतं, केशराला रंग देतं तेच. ऊन, उष्णता आणि हवा, तिन्ही त्याच्या जिवावर उठलेले. आता सावलीत, पंख्याखाली, वर सुती फडकं.

दुसऱ्या खेपेला खोबरेल घेतलं. झेंडूचा रंग तेलात छान उतरतो, मग हाही उतरेल असं वाटलं. तेल जवळजवळ कोरंच राहिलं! कॅरोटिनॉइडच्या, म्हणजे एरवी तेलात विरघळणाऱ्या पिवळ्या-केशरी रंगद्रव्यांच्या, घराण्यातलं असलं तरी क्रोसिनच्या दोन्ही टोकांना साखर जोडलेली असते, त्यामुळे त्याची ओढ पाण्याकडे. द्रावक निवडताना आधी रेणू बघायचा, हे मला तेव्हा नीट उमगलं. तिसऱ्यांदा ग्लिसरीन-पाणी वापरलं. रंग सुरेख आला, पण ग्लिसरीन उकळतं 290 अंशांना. ते उडवून अर्क शुद्ध करणार कसा?

या वेळी पाणी आणि इथेनॉल निम्मं-निम्मं, एकूण 100 मिली. बाटलीला काळा कागद गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये. गाळून पसरट ताटात, अंधाऱ्या खोलीत पंख्याखाली इथेनॉल उडू दिलं. इथे घाई करू नका, ते उरलं तर पुढे थर वेगळे होत नाहीत. मग मेणचट भाग ओढून घ्यायला इथाइल ॲसिटेट घातलं, पाण्यात फारसं न मिसळणारं द्रावक. हेक्झेन या दुसऱ्या द्रावकाच्या मानाने बरंच सौम्य, पण भुर्रकन पेट घेतं. गॅस बंद, खिडक्या उघड्या हव्यातच.

थर वेगळे करायचं, खाली तोटी असलेलं बंद फनेल मी जोरात हलवलं आणि सगळं दुधाळ झालं. चिमूटभर मीठ टाकल्यावर अर्ध्या तासात फाटलं: वर मेणचट, पिवळसर थर, खाली स्वच्छ केशरी पाणी. अर्कातले रंग वेगळे करून बघायला गाळणकागदाच्या पट्टीवर थेंब चढवला, तर आधी दोन पट्टे दिसायचे, आता एकच ठळक दिसतो. फार आनंद झाला.

खालचं पाणी काचेच्या बशीत आटवलंय. कडेला लालसर, मध्ये सोनेरी पापुद्रा, आणि त्यात मिठाचे कण चमकताहेत. पुढच्या खेपेला फनेल हलवायचं नाही, फक्त हळूच उलटंसुलटं करायचं. झाडावर कळ्या अजून भरपूर आहेत.