चिखल्याच्या पायातली अक्षरं

भरती चढली की गोव्यातल्या शापोरा नदीच्या मुखावरचे वाळूचे पट्टे बुडतात आणि तिथे चरणारे चिखल्या, तुतारी, टिलवे असे किनाऱ्यावरचे पक्षी उठून आगरवाड्याच्या मिठागरांच्या बांधांवर येऊन बसतात. अभ्यासकांनी ओळखीसाठी त्यांच्या पायात घातलेली रंगीत पट्टी वाचायची तर हीच वेळ. ओहोटीला सगळे चिखलभर पांगून पळत असतात. भरतीला एका पायावर झोपतात, आणि नेमका पट्टीचा पाय पोटाच्या पिसांत घालून!

माझा धंदा घरांच्या छतावर सौर पॅनेल बसवण्याचा, पक्षी हा रविवारचा नाद. एका हिवाळ्यात लेसर सँड प्लव्हर जातीच्या चिखल्यांच्या घोळक्यात एकाच्या पायाला ध्वज दिसला. ध्वज म्हणजे पायाभोवती बसवून एका बाजूला बाहेर काढलेली प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर अक्षरं. धातूच्या कडीवरही नंबर असतो, पण तो वाचायला पक्षी बहुधा पुन्हा हातातच यावा लागतो. ध्वज लांबून वाचता येतो.

येतो, पण सुखासुखी नाही. ऊन तापलं की हवा थरथरते आणि अक्षरं वितळतात. रंगाचीच पंचाईत झाली: पांढरा की उडालेला पिवळा? उन्हात केबलचे टाय कसे पिठूळ होतात ते मी रोज छतावर बघतो, त्यामुळे रंगावर पैज लावायला मी तयार नव्हतो. स्पॉटिंग स्कोपला (लांबचं बघायच्या दुर्बिणीला) मोबाईल लावून व्हिडिओ घेत राहिलो. मिठागरातले एक काका विचारून गेले, "कितें पळयता रे?" (काय बघतोस रे?) पाखराचा नंबर म्हटल्यावर हसले, पण बांधावरून वाकून, पक्षी न उठवता गेले. घरी एकेक फ्रेम थांबवून तीन अक्षरं जुळली.

मग कळवणं. कोणता देश, कोणतं ठिकाण कोणते रंग वापरणार हे आधी वाटून घेतलेलं असतं; म्हणून रंगांचा वरून खाली क्रम, अक्षरांचा रंग, ध्वज गुडघ्याच्या वर की खाली, धातूची कडी कोणत्या पायात, सगळं लिहावं लागतं. डावा पाय म्हणजे पक्ष्याचा डावा, आपल्या डाव्या हाताचा नव्हे. (आणि आपण गुडघा म्हणतो तो खरं तर त्याचा घोटा.) रंगाची शंका मी शंका म्हणूनच लिहिली, सोबत फोटो, तारीख, वेळ, जागा. माहिती बीएनएचएसकडे, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवली. ही संस्था 1927 पासून भारतात पक्ष्यांना कड्या घालते आहे.

उत्तर बऱ्याच आठवड्यांनी आलं, तोवर मी उत्तराचा नाद सोडला होता. ध्वज ठाणे खाडीत घातलेला. आपल्या किनाऱ्यावरचे हे चिखल्या उन्हाळ्यात लडाख, तिबेट, पामीरच्या उंच पठारांवर अंडी घालतात. एवढं सगळं आभाळ मोकळं असताना पुढच्या हिवाळ्यात तोच ध्वज त्याच मिठागरात, जवळजवळ त्याच बांधावर दिसला. फोटोपेक्षा मला ही नोंद मोठी वाटते, कारण ती माझ्या धंद्याच्या आड येते.

एका ओळखीच्या जमीनमालकाने विचारलं होतं, पडीक मिठागरात पॅनेल टाकू का? जागा रिकामीच आहे. एक मेगावॅटला साधारण चार-पाच एकर लागतात, हिशोब सोपा. मला कामही मिळालं असतं. पण भरतीच्या त्या दोन-तीन तासांत पक्ष्यांना टेकायला दुसरी कोरडी, उघडी जागा जवळपास नाही, आणि ही गरज ओहोटीला बघायला येणाऱ्याला दिसतच नाही. छतं मात्र भरपूर पडून आहेत. तीन किलोवॅटला सुमारे तीनशे चौरस फूट पुरतात, आणि छतावरच्या सौर पॅनेलसाठीच्या केंद्राच्या 2024 च्या सूर्यघर योजनेत त्यावर 78,000 रुपये अनुदान आहे.

हे त्यांना सांगितलं. घराच्या छताला ते लगेच हो म्हणाले. मिठागराचं म्हणाल तर, "बघूया," म्हणाले. मी त्यांना भरतीची वेळ कळवून ठेवली आहे.