लातूरहून वाशीला, एका सेमिस्टरपुरतं

लातूर-मुंबई एक्सप्रेसनं येत असाल तर दादरपर्यंत जायच्या भानगडीत पडू नका. सकाळी ठाण्यालाच उतरा. नवी मुंबईकडं जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकल तिथल्या ९ आणि १० नंबरच्या फलाटांवरून सुटतात. मधे पूल चढायचा आहे, त्यामुळं घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी लोखंडी पेटी आणू नका. मी आणली होती. वर पाच किलो ज्वारीचं पीठ.

फलाटावर उभी होती ती लोकल पकडली आणि ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे अशी नावं मोजत दारात उभी राहिले. तुर्भे गेलं की वाशी आलंच, असं नकाशावर पाहिलं होतं. तुर्भे गेलं आणि आलं जुईनगर. ठाण्याहून सुटणाऱ्या काही गाड्या वाशीला जातात, काही नेरूळ-पनवेलकडं, आणि त्यांची फाटाफूट तुर्भ्यानंतर होते. लेडीज डब्यातल्या एका बाईंनी पेटी उतरवायला मदत केली आणि हार्बरची गाडी दाखवली. त्या गाडीनं सानपाडा, मग वाशी. म्हणजे आधी इंडिकेटर वाचा, मग चढा.

मी बी.एस्सी. बॉटनीची. तिसऱ्या वर्षाचं पाचवं सेमिस्टर नेरूळच्या एका कॉलेजात केलं, डिग्री मात्र आमच्याच कॉलेजची. दोन कॉलेजांमध्ये करार होता, पण त्या करारावर जाणारी मी पहिलीच. त्यामुळं अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा हे शोधण्यातच पंधरा दिवस गेले. राहणं, खाणं, लोकल हे सगळं तिथं गेल्यावर जमतं. क्रेडिटचं, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या श्रेयांकांचं, मात्र निघायच्या आधीच पक्कं करा, मागाहून ते जमत नाही.

हे क्रेडिट जमा ठेवणारी बँक म्हणजे एबीसी, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. यूजीसीनं त्याचे नियम २०२१ मध्ये आणले. डिजिलॉकरमधून आपला आयडी काढायचा, तो बारा आकडी असतो. तुम्ही मिळवलेले क्रेडिट कॉलेज किंवा विद्यापीठ त्या खात्यात जमा करतं आणि ते जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. ऐकायला बँकेच्या पासबुकाइतकं सोपं. पण जमा झालेला क्रेडिट तुमच्या मूळ कॉलेजनं कुठल्या विषयाच्या खात्यात धरायचा, हे ती बँक ठरवत नाही. ते माणसं ठरवतात, आणि माणसं रजेवर असतात.

माझे बाकी विषय नीट बसले. खाडीकाठच्या वनस्पतींवरचा फील्ड प्रोजेक्ट मात्र लटकला. तिकडं तो दोन क्रेडिटचा, इकडं त्या नावाचा रकानाच नाही. तोंडी सगळे 'होऊन जाईल' म्हणाले होते. सेमिस्टर संपवून परत आले तेव्हा 'लेखी काय आहे?' असा प्रश्न आला. लेखी काही नव्हतं. दोन महिने एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत फिरले आणि शेवटी तो प्रोजेक्ट एका ऐच्छिक विषयाच्या जागी धरला गेला.

म्हणून निघायच्या आधी एक साधा तक्ता करा. डावीकडं आपल्या कॉलेजचा विषय, कोड, क्रेडिट आणि अंतर्गत-लेखी गुणांची विभागणी, उजवीकडं त्याच्यासमोर तिकडचा विषय. खाली दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्या आणि शिक्के. एक प्रत घरी ठेवा, एक सोबत. ग्रेडचं रूपांतर कोण करणार तेही त्यातच लिहून घ्या. आणि मागची केटी, म्हणजे राहिलेला विषय, असेल तर तिच्या परीक्षेची तारीख आधी बघा. माझ्या मैत्रिणीनं अर्ज मागं घेतला तो ह्याच एका कारणानं.

आता राहण्याचं. हॉस्टेलमध्ये एका सेमिस्टरसाठी जागा मिळाली नाही. वर्षाची फी भरणाऱ्यांना आधी, हे त्यांचंही बरोबरच आहे. मी वाशीच्या जुहूगावात एका घरात खोली घेतली. फोनवर 'जुहू' ऐकून आमच्या पप्पांनी अर्ध्या लातूरला सांगितलं की पोरगी समुद्राकाठी बंगल्यांच्या वस्तीत राहते. ते जुहू वेगळं. हे आगरी-कोळ्यांचं जुनं गाव, आता चारी बाजूंनी सेक्टरांनी वेढलेलं. तिघींत एक खोली, माझ्या वाट्याला महिना ६,००० आणि एका महिन्याचं डिपॉझिट. सोसायटीतल्या पीजीचे भाव ऐकूनच मी परत फिरले होते. गावठाणात घरं एकमेकांना खेटून असतात, ऊन येत नाही आणि पावसाळ्यात कपडे तीन-तीन दिवस ओले राहतात. पण रात्री उशीर झाला तर गल्लीत कोणीतरी जागं असतं. खोली बघताना भिंतीच्या कोपऱ्यात ओल आहे का ते हात लावून बघा आणि पाणी किती वाजता येतं ते विचारा.

खरं तर पाण्याचा प्रश्न मी सवयीनं विचारला. २०१६ मध्ये आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. आमच्याकडं बादली विसळलेलं पाणीसुद्धा झाडाला जातं. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे हे कळलं तेव्हा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

घरमालकीण काकी आगरी. पहिल्या सकाळी त्या ओरडल्या, "गारी चुकंल गो!" मला वाटलं गारा पडतायत. मी खिडकीतून आभाळ बघते, त्या दाराकडं हात करतात. त्यांच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो, गाडीची गारी, घोड्याचा घोरा. माझं 'लै' आणि 'कामून' ऐकून त्याही तितक्याच हसायच्या. त्यांच्या भिंतीवर प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचा फोटो होता. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० ची, आणि हे शहर ९५ गावांच्या जमिनीवर उभं राहिलं, एवढं मी पुस्तकात वाचलं होतं. जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या १९८४ च्या जासईच्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले, ते मात्र मला काकींनी भाकरी थापता थापता सांगितलं.

प्रवासाचा पास लगेच काढा. कॉलेजच्या ऑफिसातून रेल्वे कन्सेशनचा फॉर्म मिळतो, त्यावर विद्यार्थ्यांचा पास जवळपास निम्म्या पैशांत होतो. फॉर्मवर घराजवळचं स्टेशन आणि कॉलेजचं स्टेशन लिहितात, त्यामुळं लातूरचा पत्ता दाखवून चालत नाही. मला भाडेकराराची प्रत लागली. फॉर्मची मुदत मोजक्या दिवसांची असते, हातात आला की खिडकी गाठा. रविवारी कुठं जायचं असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल कधी बंद आहेत ते, बघून ठेवा.

जेवणाचं थोडक्यात: एक वेळचा डबा लावला होता, महिना २,०००. भाजी गोडसर. येसर आणि काळं तिखट घरून न्या.

आणि आता ज्यासाठी गेले ते. आमच्याकडं खारफुटी म्हणजे पुस्तकातली आकृती. तिथं पहिल्याच फील्ड व्हिजिटला गुडघ्यापर्यंत चिखलात उभं राहून तिवर ह्या खारफुटीच्या झाडाची श्वासमुळं मोजली, एका चौरस मीटरच्या दोरीच्या चौकटीत. चिखलात हवा नाही म्हणून मुळं वर येऊन श्वास घेतात, हे वाक्य मी बारावीपासून पाठ म्हणत होते. पेन्सिलींसारखी उभी असलेली ती मुळं पायाला टोचली तेव्हा ते पहिल्यांदा खरं वाटलं. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे. ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, बॉटनी-झूलॉजीच्या मुलांनी ते चुकवू नये. पांढरी चिप्पी, म्हणजे आपल्या राज्याचा कांदळवन (खारफुटी) वृक्ष, मी तिथंच नीट ओळखायला शिकले. जाताना भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. सॅंडल नको, चिखल त्या ठेवून घेतो. जुने कॅनव्हासचे बूट घाला आणि आल्यावर फेकून द्या.

ओहोटीला चिखलावर बोटभर मासे उड्या मारताना दिसतात. सर त्यांचं शास्त्रीय नाव सांगत होते, मी वहीत उतरवून घेत होते. संध्याकाळी काकींना फोटो दाखवला तर त्या म्हणाल्या, "ह्या तं निवट्या." दुसऱ्या दिवशी त्यांचं कालवण केलं. मी माळकऱ्याच्या घरातली, खाल्लं नाही. रस्सा चाखला, हे घरी सांगू नका.

फ्लेमिंगो मला दिसले नाहीत. ते साधारण डिसेंबर ते मे ह्या काळात खाडीवर असतात आणि मी जून ते नोव्हेंबर होते. सेमिस्टर निवडायची मुभा असेल तर सम सेमिस्टर घ्या, कपडेही वाळतील. नसेल तर निवट्या आहेतच.